गंगेच्या गाळातील सोमल

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या तीन नद्यांच्या गाळाने घडविलेला बंगालचा त्रिभुज प्रदेश हा जगातील सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश होय. आज तो पश्चिम बंगाल आणि बांगलादेश यांत विभागलेला असला, तरी भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने तो एकच आहे. हिमालय झिजवून या नद्या वर्षाकाठी सुमारे शंभर कोटी टन गाळ खाली आणतात. या भूमीत पाण्याचे दुर्भिक्ष म्हणून नाही. दख्खनच्या पठारावर काळा कातळ फोडता फोडता शेतकऱ्याचे आयुष्य सरते आणि तरीही विहिरीला पाणी लागेलच असे नाही. नदिया किंवा मुर्शिदाबाद जिल्ह्यात मात्र दोन-चार माणसे बांबूची परांची उभी करून, केवळ हातांच्या बळावर, दिवसभरात कूपनलिका खोदतात. एकजण तरफेने नळ वरखाली करतो, दुसरा वर बसून नळाच्या तोंडावर तळहात ठेवतो व उचलतो. तळहाताची ही झडप वाळू आणि चिखल उपसून बाहेर टाकते. वीस-तीस मीटरांवर थंड, नितळ पाणी मिळते.

हे पाणी लोकांनी प्यावे यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे प्रयत्न झाले, आणि त्यामागील हेतू सर्वथा योग्य होता. तत्पूर्वी गावोगावचे लोक तळ्याचे पाणी पीत. त्याच तळ्यात स्नान होई, भांडी घासली जात, गुरे उतरत. पटकी, हगवण आणि विषमज्वर यांनी दरवर्षी असंख्य बालके दगावत. भूमीच्या थरांतून गाळून आलेले पाणी जंतुरहित असते, म्हणून सरकारे आणि युनिसेफसारख्या संस्था यांनी हातपंप बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे तर लोकांनीच पदरमोड करून आपापल्या अंगणात पंप बसविले. विसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या बांगलादेशात साठ लाखांपासून एक कोटीपर्यंत कूपनलिका असाव्यात, असा अंदाज होता. या पाण्याची जंतूंसाठी तपासणी होत असे. आर्सेनिकसाठी ती कोणी केली नाही, कारण नदीच्या साध्या गाळात ते विष असेल अशी शंकाच कोणाला आली नव्हती.

आर्सेनिक भारतीयांना अपरिचित नाही. वैद्यांच्या बटव्यातील सोमल हे आर्सेनिकचे ऑक्साइड. मनशीळ आणि हरताळ ही त्याची गंधकयुक्त खनिजे. सोमलाची मोठी मात्रा माणसाचा तत्काळ प्राण घेते, हे जुन्या कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु बंगालमध्ये जे घडले ते याहून अगदी निराळे होते. तेथे मात्रा इतकी सूक्ष्म होती, की पाण्याला ना रुची होती, ना गंध, ना रंग. आणि ती वर्षानुवर्षे, दररोज, घोटाघोटाने शरीरात जात होती.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगणा जिल्ह्यातील काही ग्रामीण रुग्ण आले. त्यांच्या छातीवर व पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके होते आणि तळहात-तळपाय कठीण होऊन त्यांवर चामखिळींसारखे उंचवटे आले होते. ही लक्षणे दीर्घकालीन आर्सेनिक विषबाधेची आहेत, हे साहा यांनी ओळखले. नंतर पाण्याची तपासणी झाली आणि संशय खरा ठरला. अनेक गावांत या आजाराला महारोग समजले जाई. ज्यांच्या अंगावर डाग दिसत अशा मुलींची लग्ने मोडत. काही स्त्रियांना सासरहून माहेरी धाडण्यात आले. वस्तुतः हा रोग संसर्गजन्य नाही.

त्वचेवरील डाग हा या व्याधीचा केवळ बाह्य भाग होय. आर्सेनिकमुळे त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांचा कर्करोग होतो, आणि तो होण्यास दशके लागू शकतात. याचे सर्वांत स्पष्ट प्रमाण दक्षिण अमेरिकेतील चिली या देशातून मिळाले. तेथील अँटोफगास्टा शहराला १९५८ साली एका नव्या नदीचे पाणी पुरविण्यात आले. त्यात लिटरमागे आठशेहून अधिक मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. १९७० च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आणि पाणी सुधारले. परंतु फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यानंतरही कित्येक वर्षे वाढतच राहिले. बालपणी प्यायलेल्या पाण्याची किंमत माणसे प्रौढपणी मोजीत होती. बंगालमधील आकड्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

येथे मोजमापाविषयी थोडे सांगितले पाहिजे. एक लिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅम म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ साली लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली होती. १९६३ साली ती ५० वर आणि १९९३ साली १० वर आली. बांगलादेशाने ५० चीच मर्यादा कायम ठेवली. इतक्या अल्प प्रमाणाचे बिनचूक मापन ही गोष्ट प्रयोगशाळेतही सोपी नसते, मग खेड्यातील पंपाजवळ ती किती अवघड असेल, याची कल्पना करता येईल.

सीमेपलीकडे बांगलादेशात या विषाचा शोध १९९३ साली चापाई नवाबगंज जिल्ह्यात लागला. पुढे १९९८-९९ मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग आणि ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्था यांनी देशभरातील सुमारे साडेतीन हजार कूपनलिकांचे नमुने तपासले. दीडशे मीटरांहून कमी खोलीच्या नलिकांपैकी २७ टक्क्यांत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक आढळले. १० ची मर्यादा लावली तर हेच प्रमाण ४६ टक्के भरले. म्हणजेच सुमारे साडेतीन कोटी लोक ५० हून अधिक, तर पावणेसहा कोटींच्या आसपास लोक १० हून अधिक आर्सेनिकचे पाणी पीत होते. इतिहासात एखाद्या लोकसमूहाला झालेली ही सर्वांत मोठी विषबाधा होय, असे तज्ज्ञांनी म्हटले. याच ब्रिटिश संस्थेने १९९२ साली बांगलादेशातील काही कूपनलिकांच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण केले होते, पण त्यात आर्सेनिकचा समावेश नव्हता. या कारणास्तव एका बांगलादेशी ग्रामस्थाने इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला. २००६ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला असेल. परंतु जे शोधावयाचे नाही ते सापडत नाही, ही विज्ञानातील जुनी अडचण या प्रकरणात फार महागात पडली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे विष आले कोठून? प्रारंभी संशय कीटकनाशकांवर, कारखान्यांच्या सांडपाण्यावर आणि कूपनलिकांच्या भागांवरही घेण्यात आला. परंतु हजारो चौरस किलोमीटरांवर, कारखान्यांचा मागमूस नसलेल्या खेड्यांतही जे आढळते त्याचे कारण स्थानिक असू शकत नाही. आर्सेनिक गाळातच होते. मात्र आश्चर्याची गोष्ट अशी, की त्या गाळात ते विशेष जास्त नाही. किलोग्रॅममागे काही मिलिग्रॅम, म्हणजे जगातील इतर सामान्य गाळांत जेवढे असते जवळपास तेवढेच. तेव्हा, तेथे आर्सेनिक एवढे का आहे, हा प्रश्नच चुकीचा होता. गाळाला घट्ट चिकटून राहणारे आर्सेनिक येथे पाण्यात का उतरले, असा प्रश्न विचारावयास हवा होता.

याची दोन उत्तरे पुढे आली. पहिल्या मतानुसार, उन्हाळी भातासाठी पंपांनी अतोनात उपसा झाल्यामुळे भूजलाची पातळी खाली गेली, रिकाम्या जागेत हवा शिरली आणि गाळातील पायराइट या लोह व गंधकाच्या खनिजाचे ऑक्सिडीकरण होऊन त्यातील आर्सेनिक मोकळे झाले. हे मत सहज पटण्याजोगे होते. त्यात दोषीही सापडत होता आणि उपायही. परंतु पाण्याच्या परीक्षणाशी ते जुळेना. पायराइट कुजला तर पाण्यात सल्फेट वाढावयास हवे. प्रत्यक्षात सर्वाधिक आर्सेनिक असलेल्या पाण्यात सल्फेट अत्यल्प होते. त्यात विरघळलेला प्राणवायूही नव्हता. उलट लोह भरपूर होते. आणि ज्या उथळ, रुंद विहिरींना हवेचा मुक्त स्पर्श असतो, त्यांत आर्सेनिक बहुधा कमीच आढळे.

दुसरे उत्तर १९९८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील संशोधनाने ते बळकट होत गेले. नदी वाळू वाहून आणते तेव्हा वाळूच्या प्रत्येक कणावर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एक प्रकारच्या गंजाचा, पातळ लेप असतो. वाळूला तपकिरी छटा येते ती यामुळेच. नदीच्या पाण्यातील आर्सेनिक या लेपास चिकटते. ही वाळू पाने, मुळे, दलदलीतील वनस्पती यांच्यासह गाडली जाते. जमिनीखाली जीवाणू या कार्बनी द्रव्यावर जगतात. प्रथम ते पाण्यातील प्राणवायू वापरतात; तो संपला की नायट्रेट, आणि तेही संपले की गंजातील लोह. लोहाचे असे क्षपण झाले की ते पाण्यात विरघळते, लेप नाहीसा होतो, आणि त्यास चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. २००४ साली पश्चिम बंगालमधील गाळाच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांनी या क्रियेतील जीवाणूंचा वाटा दाखवून दिला. लेप गमावलेली वाळू राखाडी दिसते. हेच पाणी पंपातून वर येऊन हवेत मिसळले की त्यातील लोह पुन्हा गंजते. अशा अनेक पंपांच्या ओट्यांवर दिसणारा तांबूस डाग तो हाच. जीवाणूंचे हे अन्न नेमके कोठून येते, जुन्या पीटच्या थरांतून की आजच्या तळ्यांतून व भातखाचरांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर, याविषयी संशोधकांमध्ये बराच काळ वाद चालला आहे, आणि ठिकाणाठिकाणी उत्तर वेगळे असणे अशक्य नाही.

पण मग हे सर्वत्र सारखे का नाही? एका घरच्या पंपात तीनशे मायक्रोग्रॅम आणि पन्नास पावलांवरच्या शेजाऱ्याकडे पाचही नाही, असे का व्हावे? याचे उत्तर हिमयुगात आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरील पाण्याचा मोठा भाग हिमाच्या रूपात गोठलेला होता व समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. समुद्र मागे हटल्याने बंगालच्या नद्यांनी जुन्या गाळात खोल दऱ्या कोरल्या. दोन दऱ्यांमधील उंच भूमी उघडी पडून तिच्यावर तांबडी, चिकट माती तयार झाली. नंतर हिम वितळले, समुद्र चढला आणि दऱ्या नव्या, राखाडी, वनस्पतींनी भरलेल्या गाळाने बुजल्या. आज वरून पाहता सारी भूमी तळहातासारखी सपाट दिसते. खाली मात्र जुनी टेकाडे आणि बुजलेल्या दऱ्या शेजारी-शेजारी आहेत. जुन्या टेकाडांवरील तांबड्या मातीचा थर कार्बनी द्रव्याला खाली जाऊ देत नाही, त्यामुळे त्याखालची वाळू अजून तपकिरी आहे आणि आर्सेनिक धरून आहे. दरीच्या गाळात उतरलेली नलिका मात्र बाधित निघते. त्यातच, या सपाट प्रदेशात भूजल अतिशय मंद वाहते. उतार असता तर हजारो वर्षांत हे विष धुऊन समुद्रास मिळाले असते.

वाळूच्या रंगाचे हे ज्ञान शास्त्रज्ञांइतकेच खोदणाऱ्या कारागिरांनाही उपयोगी पडले आहे. तळहाताच्या झडपेतून बाहेर पडणारी वाळू त्यांच्या डोळ्यांसमोरच असते. बांगलादेशातील मतलब भागात संशोधकांनी पडताळून पाहिले तेव्हा, तांबूस वाळूतील पाण्यात आर्सेनिक अत्यल्प आणि काळसर वाळूतील पाण्यात बहुतेक वेळा जास्त, असा संबंध आढळला. परीक्षणाची जागा ही पारख घेऊ शकत नाही. तथापि नलिका कोठे थांबवावी, हे ठरविण्यास ती साह्य करते.

२००० ते २००५ या काळात बांगलादेशात सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासण्यात आल्या. खेड्यातच करता येणारी ही चाचणी जुन्याच रासायनिक क्रियेवर आधारलेली आहे: पाण्यातील आर्सेनिकचे वायूत रूपांतर करावयाचे आणि त्या वायूने रसायन लावलेल्या कागदी पट्टीवर उमटणारा पिवळा-तपकिरी डाग रंगपट्टीशी ताडून पाहावयाचा. सुरक्षित पंपास हिरवा रंग, असुरक्षितास लाल. सुमारे चौदा लाख पंप लाल झाले. यानंतर जे घडले ते फारसे अपेक्षित नव्हते. अनेक कुटुंबांनी कोणतेही यंत्र अथवा अनुदान न मिळताच शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावरून पाणी आणण्यास सुरुवात केली. विष असे शेजारीशेजारी विखुरलेले असणे हे जसे संकट, तसाच तो दिलासाही होता. सुरक्षित पाणी बहुधा हाकेच्या अंतरावर होते. अर्थात दुसऱ्याच्या अंगणात दररोज घागर घेऊन जाणे सर्वांनाच शक्य नसते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्याच वाट्याला येते. पंपांवरील रंग काही वर्षांत उडाला. नंतर लक्षावधी नव्या नलिका खोदल्या गेल्या, त्यांतील बहुसंख्य तपासणीविनाच.

गाळण-यंत्रांचा अनुभव संमिश्र आहे. आर्सेनिकची पाण्यातील दोन रूपे आहेत. त्यांपैकी प्राणवायुरहित भूजलात आढळणाऱ्या रूपावर विद्युतभार नसल्याने ते गाळण्यात सहज अडकत नाही. म्हणून आधी त्याचे ऑक्सिडीकरण करून, मग लोहाच्या गंजावर अथवा सक्रियित ॲल्युमिनावर ते पकडावे लागते. भूमीखाली जे सुटले तेच पुन्हा वर बांधावयाचे, असे या क्रियेचे स्वरूप आहे. बांगलादेशातील लोहयुक्त घरगुती गाळणीची जगभर वाखाणणी झाली. पश्चिम बंगालमध्ये हातपंपांना जोडलेली अनेक संयंत्रे मात्र देखभालीअभावी निकामी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा निष्कर्ष त्यांच्याविषयी प्रतिकूलच होता. गाळ साफ करणे, द्रव्य बदलणे, साठलेल्या विषारी गाळाची विल्हेवाट लावणे, ही कामे उद्घाटनानंतर कोणाची, हे ठरलेलेच नव्हते. पुन्हा तळ्याकडे अथवा उघड्या विहिरीकडे वळावे तर जंतूंची भीती, जिच्यापासून सुटण्यासाठी कूपनलिका आल्या होत्या.

दीडशे मीटरांखालील पुरातन वाळूचे जलधर स्तर हा अधिक भरवशाचा मार्ग ठरला आहे. बांगलादेशच्या सर्वेक्षणात एवढ्या खोल नलिकांपैकी जेमतेम एक टक्का ५० च्या वर होत्या. परंतु हा साठा पिण्यासाठीच राखला तर टिकेल. भातासाठीही खोलवरून उपसा सुरू झाला, तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाण्याचा धोका आहे. व्हिएतनामची राजधानी हनोईजवळ असे घडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. शहरासाठी होणाऱ्या उपशामुळे तेथे आर्सेनिक नव्या गाळातून जुन्या स्वच्छ वाळूत शंभर मीटरांहून अधिक अंतर शिरले होते. त्याच काळात पाणी स्वतः दोन किलोमीटरांहून जास्त सरकले होते. म्हणजे तपकिरी वाळू आर्सेनिकला बराच काळ अडवून धरते. पण कायमची नव्हे.

हा प्रश्न बंगालपुरताच आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी या गावी आर्सेनिक सापडले. पाठोपाठ उत्तर प्रदेशात बलिया, झारखंडात साहिबगंज आणि आसामातील काही जिल्हे या यादीत आले. छत्तीसगडमध्ये, महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या अंबागढ चौकी परिसरातही ते आढळते. तेथे मात्र नद्यांचा गाळ नसून कठीण, पुरातन ज्वालामुखी खडक हे त्याचे उगमस्थान आहे. गंगेच्या मैदानातील चित्र बंगालशी मिळतेजुळते दिसते. तेथील शेतकरी नदीकाठच्या पूरग्रस्त नव्या मातीला खादर आणि उंचावरील जुन्या, पुरापासून मुक्त मातीला भांगर म्हणतात, आणि हेच शब्द भूवैज्ञानिकांनी जसेच्या तसे स्वीकारले. आर्सेनिकयुक्त नलिका प्रामुख्याने खादरात, नदीने सोडून दिलेल्या वळणांच्या आसपास आहेत. भांगरातील गावे बहुतांशी त्यापासून मुक्त आहेत. खादर जमीन सुपीक, तिच्यावर वस्ती दाट, आणि दर पुरानंतर नदी तिच्यावर नव्या गाळाचा आणखी एक थर पसरून जाते.